रात्रभर भुंकणारा कुत्रा
दाह सांगणाऱ्या रक्ततपासण्या आणि हृदयाचा धोका

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्यानंतर पाली लागते. इथून एक रस्ता लांज्याकडे जातो, दुसरा नाणीज-साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं बाजारासाठी, बँकेसाठी, औषधासाठी पालीला येतात. अलीकडे रक्त द्यायलाही येतात. सकाळी उपाशीपोटी एसटीनं यायचं, दंडाला पट्टा बांधून दोन-तीन नळ्या भरू द्यायच्या आणि चहा-वडापाव खाऊन परत जायचं. संध्याकाळपर्यंत अहवाल मोबाइलवर येतो.

समजा, जुलैचा महिना आहे. लावणी नुकतीच संपली आहे. मुंबईत नोकरीला असलेल्या मुलानं गावी राहणाऱ्या वडिलांसाठी तपासण्यांचं एक ‘पॅकेज’ घेतलं आहे. वडील अठ्ठावन्न वर्षांचे, अंगानं काटक, दिवसभर शेतात आणि कलमांत राबणारे. अहवालात साठ-सत्तर आकडे. त्यातला एक ठळक अक्षरात छापलेला: एचएस-सीआरपी ६.८. समोर लिहिलंय, ‘३ पेक्षा जास्त: हृदयरोगाचा धोका अधिक’. मुलगा घाबरून फोन करतो, “बाबा, हृदयाचं काहीतरी निघालंय. उद्याच्या उद्या मुंबईला या.” वडील म्हणतात, “अरे, मला कुठं काय होतंय? जिना चढताना धापसुद्धा लागत नाही.”

हे बाप-लेक मी उदाहरणासाठी योजले आहेत. पण असा फोन कोकणातल्या कितीतरी घरांत वाजत असेल. दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. ते कसं, हे कळायला आधी त्या आकड्याचा जन्म कुठं होतो ते पाहायला हवं.

काटा रुततो तेव्हा

अनवाणी पायात काटा रुतला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकानं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली. या सगळ्या प्रकाराला आपण दाह म्हणतो. दाह हा मुळात आजार नाही, तो बचाव आहे. जंतू शिरला, पेशी जखमी झाल्या की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, मेलेल्या पेशींची साफसफाई सुरू होते आणि मग दुरुस्ती.

ही लढाई पायाच्या तळव्यात चाललेली असली तरी तिची वर्दी सगळ्या शरीराला जाते. पांढऱ्या पेशी काही निरोप्या रेणू रक्तात सोडतात. त्यातला एक महत्त्वाचा म्हणजे इंटरल्युकिन-६. हा निरोप यकृताला पोचला की यकृत काही प्रथिनं भराभर तयार करू लागतं. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, हे त्यातलंच एक. दाह सुरू झाल्यावर साधारण सहा ते बारा तासांत ते वाढू लागतं आणि दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठतं. दाह शमला की झपाट्यानं उतरतं, कारण रक्तातलं निम्मं सीआरपी सुमारे एकोणीस तासांत नाहीसं होतं.

हे प्रथिन सापडलं १९३० साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोकॉकस जंतूपासून काढलेल्या ‘सी’ नावाच्या पदार्थाशी या रुग्णांच्या रक्ताचा साका होत होता. रुग्ण बरा झाला की तो होईनासा व्हायचा. त्या ‘सी’वरून हे नाव पडलं. पुढची कित्येक दशकं सीआरपी ही तापाची, जंतुसंसर्गाची, संधिवाताची तपासणी म्हणून वापरली गेली. तिचा हृदयाशी काही संबंध असेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

आता एक प्रतिमा मनात धरू. ती शेवटपर्यंत उपयोगी पडेल. वाडीत रात्री कुत्रा भुंकू लागतो. कुणीतरी आलंय एवढं त्यावरून कळतं. बिबट्या आलाय, रानडुक्कर आलंय की उशिराच्या एसटीनं उतरलेला शेजारी आलाय, हे भुंकण्यावरून कळत नाही. सीआरपी हा शरीराच्या अंगणातला तसा कुत्रा आहे.

धमनीच्या भिंतीतली लढाई

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तुंबतात, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की धमनी म्हणजे नळ आणि चरबी म्हणजे त्यात साचलेला गाळ, असं चित्र डोक्यात पक्कं झालंय. खरा प्रकार वेगळा आहे. गाळ नळाच्या आत साचतो. चरबी मात्र धमनीच्या भिंतीत शिरते.

धमनीचं अस्तर पेशींच्या एका पातळ थराचं असतं. उच्च रक्तदाब, तंबाखूतली रसायनं आणि वाढलेली साखर यांनी हे अस्तर दुखावतं. मग रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण त्यातून आत जाऊन भिंतीत अडकतात आणि तिथं बदलतात. शरीराच्या लेखी ते आता परके होतात. पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला आत शिरतात आणि गिळता गिळता चरबीनं गच्च भरून जातात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसासारख्या दिसतात म्हणून त्यांना फेसपेशी म्हणतात. त्या तिथंच मरतात आणि त्यांचा चिखल होतो. शरीर त्या चिखलावर तंतूंचं झाकण घालतं. ही झाली धमनीतली गाठ.

झाकण जाड असेपर्यंत माणूस वर्षानुवर्षं कुरकुर न करता जगतो. पण आतला दाह धगधगत राहिला तर पांढऱ्या पेशींची पाचक द्रव्यं झाकण कुरतडत राहतात. एके दिवशी ते फुटतं. आतला चिखल रक्ताला लागताच गुठळी होते आणि काही मिनिटांत धमनी बंद पडते. जिना चढताना धाप न लागणाऱ्या माणसालाही अचानक झटका येतो तो असा.

दाहाचा हा वाटा जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच ओळखला होता. पुढे कोलेस्टेरॉलवरच्या संशोधनापुढे तो विचार मागं पडला. १९९९ साली रसेल रॉस यांनी, धमनीकाठिण्य हा दाहाचा आजार आहे, अशी स्पष्ट मांडणी केली आणि तो पुन्हा मध्यावर आला. कोलेस्टेरॉल आणि दाह हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. एक सरपण आहे, दुसरा जाळ.

एक नळी रक्त आणि तीस वर्षं

धमनीतला दाह न्यूमोनियासारखा भडकत नाही. तो मंद असतो, म्हणून सीआरपी शंभरावर जात नाही; दोन, तीन, चार असं रेंगाळतं. जुन्या तपासणीला इतका बारीक आकडा दिसत नसे. अगदी कमी प्रमाण मोजणारी पद्धत आली तेव्हा तिला ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ सीआरपी, म्हणजे एचएस-सीआरपी म्हटलं गेलं. प्रथिन तेच, फक्त मोजमाप काटेकोर.

१९९७ साली अमेरिकेत पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या पाहणीत सहभागी झालेल्या डॉक्टरांचं, बऱ्याच वर्षांपूर्वी साठवून ठेवलेलं रक्त तपासलं. रक्त दिलं तेव्हा हे सगळे पुरुष धडधाकट होते. ज्यांचं सीआरपी वरच्या चौथाईत होतं त्यांना पुढं हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका खालच्या चौथाईच्या जवळजवळ तिप्पट निघाला आणि मेंदूच्या झटक्याचा दुप्पट. २०२४ साली याच गटानं स्त्रियांवरचा अभ्यास मांडला. २७,९३९ स्त्रियांचं रक्त सुरुवातीला एकदाच घेतलं होतं आणि नंतर तीस वर्षं त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली होती. एचएस-सीआरपीच्या सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्शातल्या स्त्रियांना सगळ्यात खालच्या हिश्शाच्या तुलनेत ७० टक्के अधिक धोका होता. एलडीएलसाठी हाच फरक ३६ टक्के होता. हा अभ्यास स्त्रियांवरचा होता, हे लक्षात ठेवा. प्रकरणाच्या शेवटी त्याची गरज लागणार आहे.

२००३ साली अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनेनं आणि रोगनियंत्रण केंद्रानं आकड्यांच्या पायऱ्या ठरवल्या. एका लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. आणि १० च्या वर असेल तर त्याचा हृदयाशी संबंध जोडायचाच नाही. शरीरात दुसरं काही चालू आहे का ते शोधायचं आणि बरं वाटल्यावर पुन्हा मोजायचं.

इथं अहवाल वाचणाऱ्याला ठेच लागण्याच्या दोन जागा आहेत. पहिली एककाची. काही प्रयोगशाळा आकडा लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे, आणि एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर असतात. म्हणजे एका कागदावरचं ०.४ आणि दुसऱ्यावरचं ४ हे एकच प्रमाण असू शकतं. आकड्याच्या उजवीकडे बारीक अक्षरात छापलेलं एकक आधी वाचावं. दुसरी जागा साध्या सीआरपीची. लहान प्रयोगशाळांत काचपट्टीवर थेंब मिसळून केलेली तपासणी साधारण लिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या खाली असली की ‘निगेटिव्ह’ म्हणते. तापाच्या रुग्णासाठी ते ठीक आहे. पण हृदयाच्या धोक्याचा सगळा हिशेब त्या सहाच्या आत घडतो. तेव्हा ‘सीआरपी निगेटिव्ह’ हे हृदय सुखरूप असल्याचं प्रशस्तिपत्र नव्हे.

लावणीच्या दिवसांतलं रक्त

आता त्या ६.८ कडे वळू. रक्त कधी काढलं? लावणीनंतर. लावणीत माणूस दिवसचे दिवस गुडघाभर चिखलात उभा असतो. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी फाटते, पाण्यानं पांढरी पडते, ठणकते. एवढ्यानंही यकृताला निरोप जाऊ शकतो. सर्दी-खोकला, दुखरी दाढ, लघवीतला संसर्ग, नुकतीच घेतलेली लस, अंग मोडून काढणारं काम, यांतलं काहीही आकडा वर नेतं. पावसाळ्यात कोकणात लेप्टो, डेंग्यू, मलेरियाचे ताप असतात, ते तर फारच वर नेतात. म्हणजे वडिलांचा कुत्रा जुलैत भुंकत होता; पण कशावर, ते त्या रात्री ठरवता आलं नसतं.

म्हणून नियम असा की आजारपणात किंवा जखम असताना ही तपासणी करू नये. ताप-संसर्ग पूर्ण बरा होऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर रक्त द्यावं. पहिला आकडा वर आला तर किमान दोन आठवड्यांनी पुन्हा मोजून दोन्ही एकत्र पाहावेत. एका रात्रीच्या भुंकण्यावरून काही ठरत नाही. दर रात्री, महिनोन्‌महिने भुंकत असेल तर मात्र कंदील घेऊन बाहेर जायला हवं.

आणि अंगणात जी गोष्ट सापडते ती बरेचदा ओळखीची असते. पोटाभोवतीची चरबी, तंबाखू, मधुमेह, सुजलेल्या हिरड्या. हिरड्यांचा आजार आपण आजारात धरतच नाही. दात घासताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, दात हलतात, आणि माणूस म्हणतो वयानं होतंय. प्रत्यक्षात तोंडातला तो मंद, न संपणारा दाह असतो आणि सीआरपी वाढवणाऱ्या कारणांत त्याची नोंद आहे. कोकणात कित्येक बायका अजूनही सकाळी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू. ती दातांना लावली तरी निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातंच. विडी ओढत नाही म्हणून तंबाखू नाही, हा हिशेब चुकीचा आहे.

कुत्र्याला गप्प करून काय होईल?

सीआरपी वाढलेलं असताना झटके अधिक येतात, तर सीआरपीच झटका आणतं का? या प्रश्नाचं उत्तर जनुकांनी दिलं. काही माणसांत जन्मजात जनुकीय फरकामुळे सीआरपी थोडं जास्त असतं. सीआरपी स्वतः दोषी असतं तर या माणसांना हृदयरोग जास्त व्हायला हवा होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात तसं काही आढळलं नाही. पुढच्याच वर्षी दुसरी बाजू पुढं आली: इंटरल्युकिन-६ चा निरोप ज्यांच्या शरीरात जन्मतःच थोडा क्षीण पोचतो, त्यांना हृदयरोग कमी होतो. म्हणजे कुत्रा निर्दोष होता. तो ज्याच्यावर भुंकत होता, त्यात तथ्य होतं.

मग दाह कमी केला तर झटके टळतात का? २००८ च्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल फारसं वाढलेलं नाही पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त आहे अशी १७,८०२ माणसं घेतली आणि निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं, स्टॅटिन गटातलं औषध दिलं. त्यांच्यात झटके आणि तत्सम घटना ४४ टक्क्यांनी घटल्या. पण स्टॅटिननं एलडीएलही उतरलं आणि सीआरपीही, त्यामुळे श्रेय कुणाचं ते कळेना. ती गाठ २०१७ साली कॅन्टोस चाचणीनं सोडवली. आधी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढं राहिलेल्या १०,०६१ रुग्णांत कॅनाकिनुमॅब हे दाहाची साखळी तोडणारं इंजेक्शन वापरलं गेलं. एलडीएल होतं तिथंच राहिलं, तरी मधल्या मात्रेनं पुढच्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. दाह हा नुसता सोबती नव्हे, गुन्ह्यात त्याचाही हात आहे, हे माणसांवर सिद्ध झालं. पण किंमतही कळली: या औषधानं जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. दाह हा बचावही असतो, तो सरसकट दाबला की दार उघडं पडतं. मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या दाहशामकानं तर २०१८ च्या चाचणीत हृदयाला काहीच फायदा झाला नाही.

यापुढचं पाऊल कोकणातल्या कुंपणाशी येऊन थांबतं. पावसाळ्यात, गौरी-गणपतीच्या सुमारास, झुडपांवर चढलेला एक वेल पिवळ्या-लाल ज्वाळांसारख्या फुलांनी पेटतो. कुणी त्याला कळलावी म्हणतं, कुणी अग्निशिखा. या वेलाच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. गाउट या सांध्यांच्या आजारावरचं हे जुनं औषध. रोजची अर्धा मिलिग्रॅम एवढी अल्प मात्रा हृदयरोग्यांत आजमावली गेली. २०१९ च्या कोलकॉट चाचणीत, नुकताच झटका आलेल्या ४,७४५ रुग्णांत, पुढच्या घटना २३ टक्क्यांनी घटल्या. २०२० मध्ये स्थिर हृदयरोग असलेल्या ५,५२२ जणांत ३१ टक्क्यांनी. २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला हृदयासाठी मान्यता मिळाली. पण २०२४ मध्ये झटक्यानंतर लगेच औषध सुरू केलेल्या एका मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. तेव्हा कुणाला द्यायचं हे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील. आणि हे आग्रहानं सांगतो: कळलावीचा कंद जहाल विषारी आहे, तो खाऊन माणसं दगावली आहेत. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. मूत्रपिंडं कमजोर असतील तर आणखी थोडं. वेलाकडे लांबूनच पाहावं.

पुण्यातला फोटो

काटक माणसाला कसली भीती, हा वडिलांचा युक्तिवाद. त्याचं उत्तर पुण्यातून मिळतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपलाच एकत्र फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याला न दिसणारी ही चरबी भारतीय शरीरात, विशेषतः पोटात, दडून राहते. आणि पोटातली चरबी हे निवांत कोठार नाही. इंटरल्युकिन-६ सारखे निरोप ती स्वतःच पाठवत राहते.

याची मुळं गर्भापर्यंत जातात. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी केली. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी आणि अवयवांनी लहान होती, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. बारीक दिसणारी, तरी आतून चरबी राखणारी ही ठेवण पुढं आयुष्यभर सोबत करते. त्याच गटानं खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासले, तेव्हा शहरातल्या शरीरांत चरबीही जास्त आणि दाहाच्या खुणाही जास्त निघाल्या. गाव सोडून चाकरीला गेलेल्या मुलानं ही गोष्ट स्वतःसाठीही वाचावी.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ५२ देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातली दक्षिण आशियाई माणसं वेगळी काढून पाहिली. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत जवळजवळ ५९ व्या. या घाईचं कारण गूढ नव्हतं. तंबाखू, बिघडलेली चरबी, मधुमेह, कमी हालचाल, कमी भाजी-फळं हे नेहमीचेच धोके आपल्याकडे तरुण वयात गाठतात. अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत धोका वाढवणाऱ्या बाबींची यादी आहे. त्यात एचएस-सीआरपी २ किंवा अधिक असणं आहे आणि दक्षिण आशियाई वंशही आहे. दोन्ही एका माणसात असतील तर स्टॅटिनचा विचार करताना पारडं त्या बाजूला झुकतं.

अहवालातले बाकीचे शेजारी

पॅकेजमध्ये सीआरपीच्या आगेमागे आणखी नावं असतात. ईएसआर ही सगळ्यात जुनी: उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजतात. वय, रक्तक्षय, गरोदरपण यांनीही ती वाढते, म्हणून हृदयाच्या हिशेबात तिचा आधार घेत नाहीत.

होमोसिस्टीन म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की रक्तात वाढणारा एक घटक. त्याची गोष्ट आपल्याकडची आहे. २००६ साली पुण्यातल्याच अभ्यासात तपासलेल्या पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त आढळलं. त्याच वर्षी नॉर्वे आणि कॅनडातून आलेल्या चाचण्यांनी दाखवलं की जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरतं, पण हृदयविकाराचे झटके कमी होत नाहीत. बी-१२ ची कमतरता भरून काढायलाच हवी, ती मज्जातंतूंसाठी आणि रक्तासाठी. हृदयाचा विमा म्हणून नव्हे.

लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारख्याच एका कणाचा आकडा, मात्र जपून वाचावा. तो बहुतांशी आईबापांकडून येतो, आहार-व्यायामानं फारसा हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजला तरी बहुधा पुरतो. घरात कमी वयात कुणाला झटका आला असेल तर तो जरूर मोजावा. जास्त निघाला तर बदलता येण्यासारखं बाकी सगळं अधिक कसोशीनं सांभाळावं.

आणि ट्रोपोनिन. हे या रांगेत बसत नाही, तरी लोक ते यातच धरतात. हृदयाचा स्नायू दुखावला की ट्रोपोनिन रक्तात सांडतं. पुढं काय होईल हे सीआरपी सुचवतं. आता काय झालंय हे ट्रोपोनिन सांगतं. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, श्वास अडकणं असं काही झालं तर कुठल्याही पॅकेजचा, कुठल्याही जुन्या अहवालाचा विचार करू नये. १०८ ला फोन करावा आणि जवळच्या ज्या दवाखान्यात ईसीजी निघतो तिथं आधी पोचावं. पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. ट्रोपोनिन पहिल्या काही तासांत नॉर्मलही येऊ शकतं, म्हणून ते पुन्हा करतात. ईसीजीत मोठा झटका दिसला आणि दोन तासांत अँजिओप्लास्टीपर्यंत पोचणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यायचं असतं. ज्या गावातून मोठं शहर घाटापलीकडे आहे, तिथं हे वाक्य पाठ असायला हवं.

कंदील घेऊन बाहेर

आता गणपतीचे दिवस. मुलगा गावी आला आहे. वडिलांच्या पायाच्या चिखल्या भरून आल्या आहेत, ताप-खोकला नाही. पालीत पुन्हा रक्त दिलं, एचएस-सीआरपी २.६. दोन आठवड्यांनी पुन्हा, २.४. बिबट्या दारात नाही, पण कुत्रा अगदी गप्पही नाही.

मग डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि कमी पैशांत होणाऱ्या गोष्टी केल्या. रक्तदाब घेतला: १४८/९२. टेपनं कंबर मोजली: ९६ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला ९० च्या आत हवी, स्त्रीला ८० च्या. एलडीएल १४२. साखर काठावर. खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. सगळं एकत्र ठेवल्यावर त्या मध्यम सीआरपीला अर्थ आला. एकट्या आकड्यानं मुंबईची गाडी पकडायची वेळ आणली होती; चारचौघांच्या संगतीत त्यानं एवढंच सांगितलं की स्टॅटिन सुरू करायला हरकत नसावी, रक्तदाब पुन्हा मोजून औषध ठरवावं आणि तंबाखू आजच सुटायला हवी. सीआरपीसाठी वेगळी गोळी लागत नाही. तंबाखू सुटणं, पोट उतरणं, रोजचं चालणं, हिरड्यांचे उपचार आणि गरज असेल तर स्टॅटिन, यांनी आकडाही उतरतो आणि ज्याच्यासाठी तो मोजला तो धोकाही.

या तपासणीबद्दल मला सांगायचं आहे ते एवढंच. ती उपयोगी आहे. पण प्रश्न विचारून केली तर. आधी रक्तदाब, साखर, चरबीचे आकडे, कंबर आणि तंबाखू. त्यावरून निर्णय स्पष्ट असेल तर सीआरपीवाचून अडत नाही. निर्णय काठावर असेल तेव्हा ती पारडं झुकवते. ताज्या जखमेच्या दिवसांत, एकदाच, एकक न पाहता वाचली तर ती फक्त घर घाबरवते.

दवाखान्यातून परत आल्यावर मुलगा अंगणात बसला होता. सारवलेल्या ओट्याच्या कडेला आई मशेरी लावत होती. तीस वर्षांचा तो मोठा अभ्यास हजारो स्त्रियांच्या एकेका नळी रक्तावर उभा आहे. या घरात मात्र पॅकेज एकच घेतलं होतं, वडिलांसाठी. आईचं वय बावन्न, पाळी थांबून तीन वर्षं झालेली, दात घासताना रक्त येतं असं तीच सहज कधीतरी बोलून गेलेली. तिचा रक्तदाब शेवटचा मोजला होता तो धाकट्याच्या बाळंतपणात.

“आई, उद्या सकाळी चल माझ्याबरोबर पालीला,” तो म्हणाला.

“मला काय झालंय?” आईनं विचारलं.

“काही झालं नाही म्हणूनच.”

सरकारी दवाखान्यांत तिशीनंतरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासून देतात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं निघाले. आधी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, मग दातांच्या डॉक्टरकडे जायचं, आणि सीआरपीचा विचार त्यानंतर, गरज पडली तर.